प्रीमियमवाले व्याही

लेकीच्या लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा तिने आणि जावयाने दोन्हीकडच्या आईवडिलांना जहाजाची सहल भेट दिली. पाच दिवस समुद्रातून फिरवून आणणार, राहणं-खाणं सगळं त्यातच. दोन्ही जोड्यांना एकाच मजल्यावर, शेजारशेजारच्या, अगदी सारख्या खोल्या. जावई धोरणी होता. एका खोलीचा आरसा दुसरीपेक्षा वीतभर मोठा निघाला असता तरी त्याने जहाज बदललं असतं.

लेकीचे वडील मोटार चालवायला शिकवायचे. स्वतःची ड्रायव्हिंग शाळा होती आणि सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, जास्तीच्या ब्रेकवर पाय ठेवून त्यांची हयात गेली होती. त्यामुळे कुणी काही करायला निघालं की आधी थांबवायचं, हा त्यांचा स्वभावच बनला होता. त्यांची बायको लाँड्री चालवायची. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणायची, आणि ऐकता ऐकता मास्तरही कधीकधी चुकून वहिनी म्हणून जायचे.

जावयाचे वडील दातांचे डॉक्टर. वर्षापूर्वी दवाखाना दुसऱ्याच्या हवाली करून ते मोकळे झाले होते, पण मोकळेपण काही अंगी लागत नव्हतं. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघत. त्यांच्या बायकोने, म्हणजे विहीणबाईंनी, शाळेत गाणं शिकवण्यात आयुष्य घालवलं होतं. कुणाचा सूर किती खाली आहे हे त्यांना लगेच कळायचं, मग माणूस गात असो की नुसता बोलत असो.

भेट मिळाली तिथवर सगळं गोड होतं. मग जहाज कंपनीचे निरोप यायला लागले.

थोडे जास्त पैसे भरा आणि प्रीमियम प्रवासी व्हा, असं त्यात असायचं. प्रीमियमवाल्यांना रांग नाही. त्यांचा डेक वेगळा, त्यावर मऊ खुर्च्या. जेवायचं दालन वेगळं, टेबल राखीव. कपडे रोज धुऊन, इस्त्री करून खोलीत. दिमतीला एक बटलर. हे सगळं निळ्या समुद्रासमोर पांढरे झगे घालून हसणाऱ्या माणसांच्या फोटोसकट. निरोप मास्तरांना यायचे तसे डॉक्टरांनाही येत असणार, हे उघड होतं. खरी अडचण तिथेच होती.

प्रीमियम घेण्यासारखं आहे की नाही, हा प्रश्न मास्तरांनी पहिल्याच दिवशी निकालात काढला होता. रांगेत उभं राहायला त्यांचे पाय धड होते आणि बटलर घेऊन करायचं काय, हे त्यांना सुचत नव्हतं. पण व्याह्यांनी घेतलं असेल तर? मग ते वरच्या डेकवर आणि आपण खालच्या. किंवा त्याहून वाईट, ते पाहुणे म्हणून आपल्याला वर बोलावणार आणि आपण त्यांच्या उपकारांची कॉफी पिणार. शेवटी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"काय डॉक्टर, झाली का तयारी?"

"तयारी कसली मास्तर, दोन सदरे आणि एक टोपी. तुमची?"

"आमचंही तेच. ते कंपनीचे निरोप येतात का हो तुम्हाला?"

"येतात की. रोज येतात."

"मग?"

"मग काय, बघतो आपला."

"बघायला हरकत नाही म्हणा."

"हरकत कसली. ज्याची त्याची हौस."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला. डॉक्टरांनी घेतलंय, याबद्दल त्यांची खात्री झाली. हौस न केलेला माणूस 'ज्याची त्याची हौस' कशाला म्हणेल?

त्याच संध्याकाळी वहिनींनी विहीणबाईंना फोन केला. त्यांनाही ताकाला जाऊन भांडं लपवायचं होतं. "ते काहीतरी जास्तीचं असतं म्हणे विहीणबाई," त्या म्हणाल्या, "पण आपल्याला काय करायचंय, नाही का?"

पलीकडे विहीणबाईंनी फोनवर हात ठेवून डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांना पांढरा झगा फार आवडला होता आणि डॉक्टर पैसे भरायलाच बसले होते. पण वहिनींचा सूर त्यांना थोडा खाली लागलेला वाटला. सुनेकडच्यांना जड जात असणार, त्यांनी मनाशी म्हटलं. आपण घेतलं तर त्यांना अवघडल्यासारखं होईल. "छे हो, कशाला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून त्यांनी डॉक्टरांना हात आवरायला सांगितलं.

वहिनी निर्धास्त झाल्या. विषय संपला, असं समजून त्या मास्तरांशी त्याबद्दल बोलल्याच नाहीत. मास्तर तर मुद्दामच बोलले नाहीत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, बायको दुकानात असताना, त्यांनी दोघांसाठी प्रीमियम घेऊन टाकलं.

जहाजावर चढायच्या दिवशी धक्क्यावरच्या मोठ्या शेडमध्ये रांग नागमोडी वळणं घेत दारापर्यंत आली होती. चौघं एकत्रच पोचले, एकत्रच रांगेत लागले. मास्तर सारखे डॉक्टरांच्या हातातल्या कागदांकडे बघत होते. ते पांढरे होते. आपल्या कागदांवर सोनेरी पट्टी आहे, हे मास्तरांनी घरीच पाहिलं होतं आणि आता तो कागद त्यांनी छातीशी उलटा धरला होता.

तेवढ्यात गणवेशातली एक मुलगी रांगेच्या कडेने आली. तिची नजर घारीसारखी होती. "साहेब, तुम्ही इथे का उभे? तुमची वाट त्या बाजूने आहे. याल का माझ्याबरोबर?"

"आम्ही इथेच बरे आहोत," मास्तर म्हणाले.

"पण तुम्हाला रांग नाही."

"मला रांग आवडते."

मुलीला असा प्रवासी पूर्वी भेटला नसावा. तिने हसून त्यांच्या हातातली बॅग उचलली आणि चालायला लागली. बॅगेमागे मास्तर गेले, मास्तरांमागे काय चाललंय ते न कळलेल्या वहिनी. "कागदांची काहीतरी भानगड दिसते," मास्तर जाता जाता डॉक्टरांना म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे."

पुढे होणं डॉक्टरांच्या हातात नव्हतं. मास्तरांना आणि वहिनींना एका थंडगार खोलीत बसवण्यात आलं. हातात सरबत आलं, मानेवर ठेवायला ओले टॉवेल आले. खोलीला एक भिंत काचेची होती आणि काचेपलीकडे रांग. विहीणबाई कागदाने वारा घेत होत्या. डॉक्टर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते.

"घेतलंत तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"मला वाटलं त्यांनी घेतलंय."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू घेऊ दिलं नसतंस."

"म्हणूनच सांगायचं असतं." वहिनींनी मानेवरचा टॉवेल काढून घडी घातली. रागावल्या तरी घडी सरळच पडली. "आता त्या विहीणबाईंना मी कुठल्या तोंडाने सांगू? आपल्याला काय करायचंय, म्हटलं होतं मी."

"सांगायचंच नाही," मास्तर म्हणाले. "नेहमीसारखं राहायचं. ते जेवतील तिथे जेवायचं, ते बसतील तिथे बसायचं. कुणाला कळतंय."

पण त्यांनी बटलरचा विचार केला नव्हता.

बटलर उंच, शिडशिडीत आणि कर्तव्यदक्ष होता. आपल्या प्रवाशांना काही कमी पडू नये, ही त्याची तळमळ खरी होती. पहिल्या रात्री चौघं सगळ्यांच्या भोजनगृहात, ताटं हातात घेऊन भाजलेल्या बटाट्यांसमोर उभे असताना तो गर्दीतून वाट काढत आला. "साहेब, तुमचं टेबल तुमची वाट बघतंय."

"कुठलं टेबल?" डॉक्टरांनी विचारलं.

"माणूस चुकलाय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बटलरला डोळ्यांनी खुणावलं. बटलरला वाटलं, साहेबांच्या डोळ्यात काही गेलंय. त्याने खिशातून स्वच्छ रुमाल काढून दिला.

दुसऱ्या सकाळी खालच्या डेकवर, पोरांच्या पाण्याच्या घसरगुंडीशेजारी चौघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले असताना तो फळांची टोपली घेऊन आला. मास्तर म्हणाले, लकी ड्रॉमध्ये लागली. दुपारी तो दोन पांढरे झगे हातांवर घेऊन आला. मास्तर म्हणाले, हा माणूस बहुधा धुतलेल्या कपड्यांची फेरी मारत असतो. विहीणबाई झग्यांकडे बघत राहिल्या.

गुपित फुटलं ते वहिनींमुळे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या शेजारच्या खोलीत गेल्या, तर डॉक्टरांचे सदरे न्हाणीघरातल्या दांडीवर ठिबकत होते. विहीणबाईंनी ते हात धुवायच्या बेसिनमध्ये, हाताच्याच साबणाने धुतले होते. कॉलर पिळून पिळून दोरीसारख्या झालेल्या. वहिनींनी उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं, पण हे त्यांना बघवेना.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत कडक इस्त्री होऊन येतील."

"कुठून येतील?"

वहिनी बोलून बसल्या होत्या. "आमच्यात ते धरलेलंच आहे," त्या हळूच म्हणाल्या.

विहीणबाईंना एका दमात सगळं उमगलं. रांग, टेबल, टोपली, झगे. त्यांनी वहिनींच्या हातातले सदरे परत घेतले आणि पुन्हा दांडीवर टाकले. "आम्ही तुमचा विचार करून घेतलं नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर पैसे भरायलाच बसले होते. मीच थांबवलं. म्हटलं, तुम्हाला कमीपणा वाटायला नको. आणि तुम्ही घेऊन वर लपवलंत?"

"अहो, मला माहीत नव्हतं. ह्यांनी परस्पर घेतलं."

"असेल. आता घेतलंय तर वापरा. वाया कशाला घालवता? जा तुमच्या टेबलावर."

यानंतर त्या गुणगुणायला लागल्या. त्यांच्याकडे हे दार बंद करून घेण्यासारखंच होतं.

दुपारी मास्तर आणि वहिनी पहिल्यांदा आपल्या राखीव टेबलावर गेले. दालनाच्या दाराशी जाड तांबडी दोरी होती आणि तिच्याशेजारी एक रुंद खांद्यांचा माणूस, कार्ड बघून दोरी सोडणारा. आत कुजबुजल्यासारखं संगीत चाललं होतं. बटलर आनंदाने नुसता फुलला होता. त्याने खुर्च्या ओढून दिल्या, मांडीवर रुमाल पसरले, सूप आणलं, मासा आणला. मास्तरांच्या मनात एकच होतं, की पैसे गेलेत, व्याही रुसलेत, बायको रुसलीय, तर निदान जेवण तरी वसूल करावं. शेवटी कॉफीबरोबर साखरेच्या पाकात घोळवलेले बदाम आले. मास्तरांनी मूठभर उचलले आणि रागाने चावले.

कट्ट असा आवाज झाला. तो बदामाचा नव्हता.

मास्तरांनी तोंडातून जे काढलं ते त्यांच्या दाढेवर बसवलेलं टोपण होतं. खालचा उघडा दात वाऱ्याने झणझणला आणि मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. या वेळी बटलरने रुमाल दिला तो बरोबर होता.

"जहाजावर दातांचा डॉक्टर आहे का?" वहिनींनी विचारलं.

"नाही, बाईसाहेब. आमचा दवाखाना ताप, उलटी, लागलं-खरचटलं एवढ्यापुरता. दातासाठी फक्त दुखणं थांबवायची गोळी."

"मग आमच्या व्याह्यांना बोलवा. खालच्या डेकवर असतील. डोक्यावर टोपी, आणि तुमच्या तोंडात बघत बोलतील ते."

बटलर धावला. मास्तरांना दालनालगतच्या प्रीमियम डेकवर, वाऱ्याच्या आडोशाला नेऊन बसवलं. थोड्या वेळाने दोरीपाशी गलका ऐकू आला म्हणून वहिनी तिकडे गेल्या. डॉक्टर दोरीच्या पलीकडे होते, हातात कातड्याची छोटी पेटी. ही पेटी घरी ठेवा म्हणून विहीणबाईंनी सांगितलं होतं आणि डॉक्टरांनी ती पायमोज्यांखाली दडवून आणली होती. विहीणबाईही आल्या होत्या.

"कार्डाशिवाय सोडता येत नाही," दोरीवाला म्हणत होता. "नियम आहे. पेशंटला बाहेर आणा."

"त्याला इथे रस्त्यात झोपवू?" डॉक्टर म्हणाले.

"साहेब, मी काय करू? माझी नोकरी आहे."

वहिनी काही बोलणार तोच विहीणबाई पुढे झाल्या. अख्खं आयुष्य शाळेतल्या पोरांना एका नजरेत गप्प करत आलेली ती बाई. त्यांनी आवाज चढवला नाही. "हे बघा," त्या म्हणाल्या, "आत बसलेत ते आमचे व्याही आहेत. त्यांच्याशी आमचं काय भांडण असेल ते आमचं आम्ही बघू. पण त्यांचा दात दुखत असताना माझा नवरा दोरीच्या बाहेर उभा राहणार नाही. सोडा."

डॉक्टर त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते. "तुमची डावीकडची वरची दाढ रात्री ठणकते ना?" त्यांनी विचारलं.

दोरीवाल्याचा हात गालाकडे गेला. "तुम्हाला कसं कळलं?"

"बोलताना तुम्ही तिला सांभाळून घेताय. यांचं झालं की बघतो."

दोरी सुटली.

प्रीमियम डेकवरच्या खुर्च्या एक कळ दाबली की मागे रेलायच्या, दुसरी दाबली की पाय उचलायच्या. डॉक्टरांनी मास्तरांची खुर्ची वर-खाली करून पाहिली, मग पुन्हा केली. गेल्या वर्षभरात त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज कुणी पाहिलं नव्हतं. "मास्तर, अशी खुर्ची आयुष्यात माझ्या दवाखान्यात नव्हती," ते म्हणाले. "आणि उजेड काय सुरेख आहे इथे. आ करा."

मास्तरांनी आ केला. जहाजाच्या दवाखान्यातून टोपण चिकटवायच्या मसाल्याची पुडी मिळाली. कित्येक दिवस कपाटात तशीच पडून होती. बटलरने एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात चांदीचं तबक धरलं, त्यावर डॉक्टरांची हत्यारं मांडली. आसपासच्या खुर्च्यांवरचे पांढऱ्या झग्यातले लोक पुस्तकं बाजूला ठेवून बघायला लागले. डॉक्टर बोलत होते आणि मास्तरांना उत्तर देता येत नव्हतं. दोन्ही व्याह्यांमध्ये मनमोकळं बोलणं व्हायला यासारखी सोय नाही.

"मला फोनवर स्पष्ट विचारायचं होतंत," डॉक्टर म्हणाले. "मीही विचारायला हवं होतं म्हणा. ज्याची त्याची हौस, असं काहीतरी बोलून गेलो. तोंड मोठं करा."

"आँ," मास्तर म्हणाले.

"आता दोन्ही दात एकमेकांवर दाबून धरा. बोलू नका. खरं सांगायचं तर मला ते पोरांच्या घसरगुंडीचं पाणी फार अंगावर येतं. पण तुम्ही तिथे बसलात म्हणून मी बसलो."

मास्तरांनी दात दाबून धरले. त्यांनाही ते पाणी अजिबात आवडलं नव्हतं.

थोड्या अंतरावर दोघी विहिणी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. वहिनींनी आपला झगा विहीणबाईंच्या मांडीवर ठेवला. विहीणबाईंनी नको म्हटलं, मग घातला. बाही जरा लांब होती. वहिनींनी ती दोन बोटांत धरून दुमडून दिली. "काल माझ्या साडीला कुणीतरी दुसऱ्याने इस्त्री केली," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर पहिल्यांदा. घडी चुकली होती. तरी मी हातात धरून बसून राहिले कितीतरी वेळ."

"सदरे देते संध्याकाळी," विहीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी दोरीवाल्याची दाढ पाहून झाली. त्याने आपल्या साहेबांना सांगितलं, साहेबांनी स्वयंपाकघरात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीमियम डेकवर डॉक्टरांसमोर जहाजाच्या नोकरांची रांग लागली. आचारी, खलाशी, रांगेतून मास्तरांना ओढून नेणारी ती मुलगी, सगळे आपापली तोंडं घेऊन आले. डॉक्टर बघत, समजावत, कुठे काय करून घ्यायचं ते कागदावर लिहून देत. त्यांना आता कुणी कार्ड विचारत नव्हतं. आचाऱ्याने त्यांच्यासाठी मऊ पुडिंग वेगळं केलं. कप्तानाने त्यांना आणि विहीणबाईंना जिथून जहाज चालवतात ती खोली दाखवली, जी प्रीमियमवाल्यांनाही दाखवत नाहीत.

हे शेवटचं मास्तरांना फार लागलं. चाक असलेली कुठलीही गोष्ट बघायचा पहिला हक्क त्यांचा होता. "पैसे आम्ही भरले," ते बायकोला म्हणाले, "आणि कप्तानाकडे जातायत हे."

"मग तुम्हीही शिका काहीतरी," वहिनी म्हणाल्या. "दात काढायला."

डॉक्टरांच्या ते कानावर गेलं आणि ते मास्तरांना घेऊन पुन्हा वर गेले. कप्तानाने मास्तरांना विचारलं, काही शंका? मास्तरांनी विचारलं, ब्रेक कुठे आहे? जहाजाला ब्रेक नसतो, हे ऐकल्यावर ते पुढचा सबंध दिवस कठडा धरून चालत होते.

घरी आल्यावर लेकीने आणि जावयाने चौघांना जेवायला बोलावलं. तोवर सगळी हकीकत त्यांना कळली होती. जावयाने भीतभीतच विचारलं, "मग घेण्यासारखं आहे का ते प्रीमियम?"

"खुर्चीसाठी घ्यावं," डॉक्टर म्हणाले.

"मुळीच घेऊ नये," मास्तर म्हणाले. "तो बटलर सुखाने चार घास खाऊ देत नाही. आणि बदाम देतात."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"आम्ही दोघी जातोय पुन्हा," विहीणबाई म्हणाल्या. "थंडीत. एकच खोली घेतलीय."

"आम्हाला कुठे विचारलंत?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही मला विचारलं होतंत?" वहिनींनी विचारलं आणि लेकीच्या ताटात कोशिंबीर वाढली.

"प्रीमियम?" जावयाने विचारलं.

"नाहीतर काय बेसिनमध्ये कपडे धुवायला जायचं?" विहीणबाई म्हणाल्या.

थंडीत दोघी गेल्या. लाँड्री मास्तरांवर सोपवली होती आणि ड्रायव्हिंगचे विद्यार्थी डॉक्टरांवर सोपवता येत नव्हते, म्हणून शाळेला सुट्टी दिली. मास्तर गल्ल्यावर बसायचे. डॉक्टर दुपारचं जेवून तिथेच यायचे, कपड्यांना चिठ्ठ्या लावायचे, आणि गिऱ्हाईक काही बोललं की त्याच्या तोंडात बघायचे. दोघांनी मिळून एका वकिलाचा काळा कोट जाळला, तेव्हा घाबरून मास्तरांनी जहाजावर फोन लावला.

फोन बटलरने घेतला. बाईसाहेब डेकवर आहेत, तो अदबीने म्हणाला, दोघी गातायत, आणि अर्धा डेक त्यांच्या मागून गातोय. काही निरोप आहे का?

"काही नाही," मास्तर म्हणाले. "व्यवस्थित आहे म्हणावं सगळं."

डॉक्टर कोटाला पडलेल्या भोकातून बोट घालून बघत होते. "हे बुजवता येईल," ते म्हणाले. "काळा धागा आहे का?"